तिघे मिळून जा, पण आपापले बसा

कुडाळ

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तिकिटाचा फोटो मिळाला. मुंबईहून पहाटे चारला, दोह्यात तीन तासांचा थांबा, तिथून सरळ मायामी. तिघांचं बुकिंग एकत्र झालं म्हणून तुम्ही खूश आहात, ते फोटोखालच्या हसऱ्या तोंडांवरून कळलंच. खूश व्हायलाच हवं. क्रूझवर नोकरीला पहिल्यांदा जॉइन होणारी कितीतरी पोरं एकटी जातात आणि दोह्यात गेट शोधता शोधता रडकुंडीला येतात. तुला दोघे आहेत. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सोबत ही गप्पांना असते, धीराला असते. पासपोर्ट सांभाळायला, झोपायला आणि अधिकाऱ्याला उत्तर द्यायला नसते. ती कामं ज्याची त्याने करायची.

प्रत्येक टोळक्यात एक शहाणा असतो. तुमच्यात तो पेडण्याचा पोरगा. प्लास्टिकच्या फाईलमध्ये कागद क्रमाने लावणारा, झेरॉक्सच्या तीन-तीन प्रती काढणारा. आता होणार काय, तर सहार येईपर्यंत उरलेल्या दोघांचे पासपोर्टही त्याच्या बॅगेत जाणार. "तुझ्याकडेच राहू दे रे, माझ्याकडून हरवेल." हे होऊ देऊ नकोस. दोह्याच्या विमानतळावर मी चार पोरांचा एक गट पाहिला होता. चौघांचे बोर्डिंग पास एकाकडे, आणि तो एक कुठल्यातरी शांत कोपऱ्यात बूट उशाला घेऊन झोपलेला. फोन सायलेंटवर. तिघे गेटवर उभे, आणि गेटवरची बाई घड्याळ दाखवतेय. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी तिथे वेगळी तपासणी असते, तिची रांग वेगळी, वेळ वेगळा. शेवटी एकाने धावत जाऊन त्याला शोधून आणलं. विमान मिळालं. पण मायामी येईपर्यंत चौघांत कोणी कोणाशी बोललं नाही.

म्हणून पासपोर्ट, सीडीसी (खलाशाची नोंदवही), कंपनीचं एलओई (नोकरीचं पत्र), एसटीसीडब्ल्यूची (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांची) सर्टिफिकेटं, मेडिकल आणि यलो फीव्हरचं पिवळं कार्ड, सगळं अस्सल, ज्याचं त्याच्या हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत यातला एक कागदही जाता कामा नये. मायामीच्या पोर्ट एजंटचा नंबर आणि हॉटेलचं नाव-पत्ता तिघांनीही कागदावर लिहून घ्या. फोनची बॅटरी नेमकी कधी संपते ते तुला मी सांगायला नको.

हातातल्याच बॅगेत एक काळी पँट, एक पांढरा शर्ट, दोन दिवसांचे आतले कपडे आणि कामाचे बूट ठेव. मोठी बॅग मागे राहिली तर जहाज तिच्यासाठी थांबत नाही. ती पुढच्या कुठल्यातरी बंदरात येते, कधी आठवड्याने, आणि तोवर तू ट्रॅकपँटवर कामाला उभा राहू शकत नाहीस. आणि एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या तीन बॅगा घेतल्या असतील (घेतल्याच असतील, घासाघीस करायला बरं पडतं), तर तुझ्या बॅगेच्या मुठीला आईच्या जुन्या साडीचा काठ बांध.

आता खाऊचं. आई काय काय भरणार आहे त्याचा मला अंदाज आहे, म्हणून हा भाग तिला वाचून दाखव. सुकं खोबरं न्यायचं नाही, वाट्याही नाहीत आणि तुकडेही नाहीत. त्यात तेल भरपूर असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, त्यामुळे विमानवाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. सुरक्षावाले बॅग उघडायला लावतात आणि काढून ठेवतात. मेतकूट, मालवणी मसाला, भाजणी असली पिठं-पुडी हातातल्या बॅगेत नको. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातात असली की अडवतात. ती मोठ्या बॅगेत घाला, घट्ट बांधून. अनारसे द्यायचे असतील तर खसखशीशिवाय. आखातातल्या काही देशांत खसखस अमली पदार्थांच्या यादीत आहे, आणि तुमचा थांबा आखातात आहे. तिथे उभं राहून अनारसा म्हणजे काय ते इंग्रजीतून समजावून सांगायची वेळ कशाला आणायची? लाडू, चकल्या चालतील. ताजं फळ आणि मटण-चिकनाचं काहीही अमेरिकेत चालत नाही. तिथे उतरल्यावर खाण्याचं काही आहे का असं विचारलं तर सरळ हो म्हणायचं. लाडवासाठी दंड होत नाही, लपवण्यासाठी होतो.

शेजारपाजारचं पार्सल घेऊ नकोस. "आमचा भाचा त्याच जहाजावर आहे, एवढं औषध दे," असं कोणीतरी म्हणणारच. नाही म्हणायला जड जात असेल तर माझं नाव सांग. मी गावात आधीच खडूस म्हणून प्रसिद्ध आहे. तुझी स्वतःची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह ठेव. मित्राच्या बॅगेतली औषधं मित्राची. तसंच, विमानात "ही झोपेची गोळी घे, मस्त लागते" असं दोघांपैकी कोणी म्हणालं तरी घ्यायची नाही.

मुंबईला एक दिवस आधी पोचा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरात शिरलेलं असतं, गाड्या हळू चालतात. तुतारी एक्स्प्रेसने पहाटे दादरला उतरा, कोणाच्या तरी खोलीवर दिवसभर आडवे व्हा आणि रात्री बारा-साडेबाराला विमानतळावर हजर राहा. आदल्या रात्री निरोपाची पार्टी करून थेट विमानात चढणारे पुढचे तीन दिवस त्याची किंमत मोजतात.

आता सोळा तासांबद्दल. मुंबई-दोहा हा चार तासांच्या आतबाहेरचा प्रवास, तो कळतही नाही. दोहा ते मायामी मात्र १२ हजार किलोमीटरच्या वर आहे, सोळा तास त्यालाच लागतात. तिघांनी एका रांगेत बसायचा हट्ट धरू नका. मोठ्या विमानात मधल्या पट्ट्यात तीन किंवा चार खुर्च्या असतात. त्यात तिघे शेजारी बसलात की मधला अडकतो. त्याला लघवीला जायचं तर कोणाला तरी उठवावं लागतं, म्हणून तो पाणी पीत नाही, म्हणून त्याचं डोकं दुखतं, म्हणून तो चिडतो. त्यापेक्षा वाटेच्या कडेच्या खुर्च्या मागा, पुढे-मागे किंवा वाटेच्या दोन बाजूंना. तिघेही एका हाकेच्या अंतरात राहता आणि तिघांचेही पाय मोकळे. एकत्रच मिळाल्या तर प्रत्येक जेवणानंतर जागा बदला. आणि ज्याला पहिल्यांदाच विमानात बसायची भीती वाटतेय (कोण ते मला माहीत आहे, मी लिहीत नाही), त्याला पंखाच्या जवळपास बसव, तिथे हादरे कमी जाणवतात. पंख वरखाली हलताना दिसला तर तो तसा हलण्यासाठीच बनवलेला असतो, एवढं त्याला सांगून ठेव.

विमानातली हवा आपल्याकडच्या माणसाला फार परकी असते. आपण घामाच्या, ओल्या हवेत वाढलो. तिथे आर्द्रता १०-२० टक्के. ओठ फुटतात, नाक आतून सुकतं, डोळे चुरचुरतात. खोबरेल तेलाची छोटी बाटली, १०० मिलिलिटरच्या आतली, खिशात असू दे. दर तीन-चार तासांनी बोटाने नाकपुडीत लाव. हसतील दोघे. चौथ्या तासाला तीच बाटली मागतील. पाणी मागून प्यायचं, ते आणून देतील याची वाट बघायची नाही. विमानाच्या मागच्या टोकाला जाऊन मागितलं की मिळतं, आणि तेवढंच चालणं होतं.

चालण्याला कारण आहे. चार तासांहून जास्त बसून राहिलं की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळलं. घाबरू नकोस, तो धोका मुळात सहा हजारांत एक एवढा आहे आणि तू विशीतला आहेस. पण तासाभराने उठायचं, खुर्चीत बसल्या बसल्या टाचा-चवडे उचलायचे आणि हातातली बॅग पायात कोंबून ठेवायची नाही. बूट सैल घाल. सोळा तासांनी पाय सुजलेले असतात आणि नवे कोरे काळे बूट चढत नाहीत. बूट काढून बसलास तरी संडासात जाताना घालून जा. तिथली जमीन ओली असते ती पाण्याने नव्हे.

पोटाचंही बघ. आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवलेला असतो. चिवड्याचं पाकीट तिथे कसं फुगतं ते बघशील. तुझ्या पोटातला वायूही तसाच फुगतो, पावपट ते तिसऱ्या हिश्श्याने. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी उसळी, वडे, कोल्डड्रिंक टाळ. तिघे जवळजवळ बसणार आहात, मैत्रीची एवढी परीक्षा नको. जेवणाची पसंती एजंटला २४ तासांहून आधी कळवायला लागते. आणि ज्याला शाकाहारी हवंय त्याने 'हिंदू मील' मागू नये. बहुतेक विमान कंपन्यांत त्यात चिकन किंवा मासे येतात, गोमांस नाही एवढाच त्याचा अर्थ. 'एशियन व्हेजिटेरियन' मागायचं.

झोपेचा हिशोब नीट समजून घे, कारण यात सोबत सगळ्यात जास्त नडते. तुमचं विमान दोह्याहून सकाळी आठला निघतं. तेव्हा मायामीत रात्रीचा एक वाजलेला असतो. तुम्ही पश्चिमेकडे जाता, त्यामुळे सोळा तास खिडकीबाहेर दिवसच असतो, सूर्य काही मावळत नाही. शरीराला वाटतं, सकाळ झाली, गप्पा मारू. तिथेच चुकतं. विमानात बसताक्षणी मनगटावरचं घड्याळ मायामीच्या वेळेला लाव, पहिलं जेवण झालं की डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, आणि सहा-सात तास झोपायचा प्रयत्न. झोप लागली नाही तरी डोळे मिटून पड. पुढच्या अर्ध्या प्रवासात मात्र जागं राहायचं. संध्याकाळी पाचला उतराल, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अडीच. हॉटेलवर गेल्यावर नऊ वाजेपर्यंत काहीही करून झोपू नका. तरी पहाटे तीनला जाग येईलच, साडेनऊ तासांचा फरक एका रात्रीत भरून निघत नाही. शरीर दिवसाला साधारण तासभर सरकतं.

आणि इथेच सांगून ठेव दोघांना: एकाला झोप येत नाही म्हणून त्याने दुसऱ्याला कोपर मारून उठवायचं नाही. "हा पिक्चर बघ", "खाली बर्फ दिसतोय बघ", काही नाही. बर्फ परत येतानाही तिथेच असेल.

दहाव्या तासाच्या आसपास एक वाईट वेळ येते. दोन पिक्चर झालेले असतात, झोप तुटलेली असते, समोरच्या पडद्यावरचं विमान कुठेतरी अटलांटिकवर चिकटून बसल्यासारखं दिसतं. याच वेळी भांडणं होतात. कोणीतरी म्हणतं, "तुझा पगार किती लिहिलाय रे?" एक हाऊसकीपिंगला, एक रेस्टॉरंटला, एक गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, युटिलिटीला. आकडे वेगळे, टिप्स वेगळ्या, करार कोणाचा सहा महिन्यांचा, कोणाचा नऊ. तिथे ही चर्चा सुरू झाली की उरलेले सहा तास एकाच्या पोटात कालवतं. नाहीतर दुसरा म्हणतो, "आपण जातोय ते बरोबर करतोय ना?" हा प्रश्न खोटा नाही. पण जमिनीपासून दहा किलोमीटर वर, न झोपलेल्या डोक्याने त्याचं उत्तर देऊ नये. आधीच ठरवून टाका की आकाशात पगाराचं बोलायचं नाही आणि परतीचं बोलायचं नाही. त्या वेळी ऊठ, तोंड धू, दात घास, अंगातला टी-शर्ट बदल. स्वच्छ टी-शर्टने माणूस किती ताळ्यावर येतो ते बघच. मग मागच्या बाजूला जाऊन उभा राहा आणि कोणा अनोळखी माणसाशी दोन वाक्यं इंग्रजीत बोल. केबिन तुम्हा तिघांना मिळून एक मिळणार नाहीये. तुझ्या वरच्या बंकवर फिलिपिन्सचा नाहीतर इंडोनेशियाचा माणूस असेल. मालवणीबाहेर बोलायची सवय इथूनच लागू दे.

दारूचं थोडक्यात. विमानात फुकट मिळते आणि तिघे असलात की पैज लागते. त्या उंचीवर रक्तात प्राणवायू कमी असतो, झोप मोडते, डोकं जड होतं. शिवाय तुम्ही सुट्टीवर निघालेले नाही. जहाजावर दारूची तपासणी कधीही होते, आणि सुरक्षेच्या कामावरच्या माणसासाठी एसटीसीडब्ल्यूने घातलेली रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे. पुष्कळ कंपन्यांची त्याहून कडक. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यासमोर तोंडाला वास घेऊन उभा राहिलेला पोरगा मी पाहिलाय. त्याला परत पाठवलं नाही, पण चार तास बसवून ठेवलं, आणि त्याच्यामुळे एजंटची गाडी, गाडीमुळे बाकीचे सगळे.

विमान उतरायला लागलं की झोपलेल्याला उठवा. तेव्हा उठवलेलं चालतं. झोपेत माणूस आवंढा गिळत नाही आणि कान ठणकतात. नाक धरून, तोंड मिटून हळूच फुंकर मारायची. सर्दी असेल तर निघायच्या आधीच डॉक्टरला विचारून ठेव.

मायामीत इमिग्रेशनला प्रत्येकाला वेगळं बोलावतात. कुठलं जहाज, कुठल्या बंदरात, काय काम, किती महिने. उत्तरं छोटी आणि खरी द्यायची. जहाजाचं नाव पाठ हवं, एलओई हातात हवं. मागे उभ्या मित्राकडे वळून "अरे, काय रे ते नाव?" असं विचारू नकोस आणि त्याला प्रश्न विचारले की तू पुढे होऊन उत्तर देऊ नकोस, त्याचं इंग्रजी कच्चं असलं तरी. फोन खिशात. तिघांपैकी एकाला बाजूच्या खोलीत बसवलं तर घाबरायचं कारण नाही, कागद परत तपासतात आणि सोडतात. बाकीच्या दोघांनी बॅगांच्या पट्ट्याजवळ थांबायचं, त्याचीही बॅग उतरवून घ्यायची आणि एजंटला कळवायचं की अजून एक यायचाय. मित्र असण्याचा खरा उपयोग या जागी आहे.

खर्चाला प्रत्येकाकडे थोडे डॉलर असू देत, सुट्ट्या नोटांत. एकाने सगळ्यांचं भरायचं आणि मग हिशोब, असं नको. दोह्यातल्या एका कॉफीवरून लागलेला वाद जहाजावर महिनाभर चाललेला ऐकलाय. आणि काही विमानांत आता पॉवर बँक वापरू देत नाहीत, ती चेक-इनच्या बॅगेत तर कुठेच चालत नाही. हातातल्या बॅगेत ठेव, पण फोन दोह्यातच भरून घे.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट तुम्हाला बहुतेक कोणी सांगितलेली नाही. तुमची एलओई मी नीट वाचली. तुझं आणि वेंगुर्ल्याच्या पोराचं जहाज मायामीतून सुटतं. पेडण्याच्याचं पोर्ट एव्हरग्लेड्समधून, म्हणजे फोर्ट लॉडरडेलहून, गाडीने पाऊण तास उत्तरेला. हॉटेलच्या लॉबीत पहाटे नावं पुकारतात आणि वेगवेगळ्या गाड्यांत बसवतात. तेव्हा निरोपाला पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. जे काय बोलायचं असेल ते आदल्या संध्याकाळी जेवताना बोलून घ्या, कॅलेंडर उघडून कोणाचं जहाज कोणत्या तारखेला कुठल्या बंदरात आहे ते लिहून घ्या. कॅरिबियनमध्ये दोन जहाजं एकाच धक्क्याला लागल्याचे दिवस येतात. कोझुमेलला, नॅसाऊला पोरं अशी भेटतात.

तुम्हा दोघांचं पुढे काय होईल तेही सांगतो. जहाजावर चढल्यावर पासपोर्ट जमा होईल, फोटो निघेल, आणि पहिल्याच दिवशी लाइफ जॅकेट घालून सुरक्षेचं प्रशिक्षण. आपत्कालीन अलार्म कसा वाजतो, तू कुठे उभं राहायचं, कोणत्या दाराने जायचं. ते कळल्याशिवाय कामावर घेत नाहीत, आणि बहुतेकदा त्याच संध्याकाळी कामावर घेतात. नियमाने २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळते, पण ती सलग मिळेलच असं नाही, आणि सुट्टीचा वार नसतो. म्हणून मी विमानातल्या झोपेवर एवढं लिहिलं. जो झोपून आलेला असतो त्याला पहिल्या दिवशी मस्टर स्टेशनचा, म्हणजे अलार्म झाल्यावर जमायच्या जागेचा, नंबर लक्षात राहतो. दुसरा तीन वेळा विचारतो, आणि सुपरवायझरच्या तेही लक्षात राहतं.

रविवारी येऊन बॅग मला दाखव, बंद करायच्या आधी. दोघांनाही घेऊन ये. वजनकाटा माझ्याकडे आहे. आणि पेडण्याच्या पोराला त्याच्या जहाजाचं अजून कोणी सांगितलं नसेल तर तू सांगू नकोस, मीच सांगेन.

तुझा,
काका